ईस्टरचे अंडे आणि मुलांचे हात

(पूर्वप्राथमिक वर्गांच्या शिक्षिका व अंगणवाडी सेविका यांच्या हस्तकला-शिबिरात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



ईस्टरचा सण जवळ आला की गोव्यातील बालवाड्यांतून आणि पूर्वप्राथमिक वर्गांतून रंगकामाची व कागदकामाची लगबग सुरू होते. संयोजकांनी मला बोलावयास सांगितलेला विषयही तोच आहे : ईस्टरनिमित्त मुलांकडून करून घ्यावयाचे रंगकाम आणि कागदाच्या सोप्या वस्तू. मी चित्रकार नव्हे, शिक्षणशास्त्राचा जाणकारही नव्हे. कला शाखेचा एक पदवीधर आणि व्यवसायाने प्रसिद्धीचे काम करणारा माणूस आहे. कात्री कशी धरावी हे मी आपणास शिकवावे, असे मुळीच नाही. ते आपणच मला शिकवाल. या प्रथा कोठून आल्या, त्यांत मुलाचा वाटा कोणता होता आणि तो वाटा आपल्या वर्गात मुलाला परत कसा देता येईल, एवढेच मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

सणाची तिथी

ईस्टर हा प्रभू येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. कोकणीत त्याला पास्काचे फेस्त म्हणतात. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरची तारीख का बदलते, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर आपल्या पंचांगाला जवळचे आहे. इ. स. ३२५ साली निसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. पुढे रूढ झालेला नियम असा की, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या कालावधीत केव्हाही येतो. २०२४ साली तो ३१ मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेमागोमाग आला. २०२५ साली तो २० एप्रिलला, हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर आला. ज्या चंद्राकडे पाहून एका घरी होळी पेटते किंवा हनुमंताचा पाळणा हलतो, त्याच चंद्रावरून शेजारच्या घरी ईस्टरचा रविवार ठरतो. मुलांना हे आवर्जून सांगावे. शेजाऱ्याचा सण परका नाही, हे त्यांना त्यासाठी उपदेश न करताही कळते.

सणाचा धार्मिक आशय चर्चमध्ये आणि घरी जपला जातो. ते काम वर्गाचे नव्हे. वर्गात आपण शेजाऱ्याच्या आनंदात हातांनी सहभागी व्हावयाचे. आणि हातांना सहभागी करून घेण्यासाठी अंड्यासारखी दुसरी वस्तू क्वचितच सापडेल.

अंडे कोठून आले?

कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार वगळता तो चाळीस दिवसांचा असतो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबरच अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास माहीत नव्हता! त्या अंडी घालीत राहिल्या आणि घरोघरी अंडी साठत गेली. ईस्टरच्या दिवशी उपवास सुटला की ती खाण्यासाठी आणि भेट देण्यासाठी बाहेर निघत. भेटीची वस्तू सजविण्याची हौस सर्वत्र सारखीच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चाच्या हिशेबात, ईस्टरनिमित्त वाटावयाच्या ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची टाकल्याची नोंद आहे. ती अंडी रंगविलेली व सोनेरी वर्ख लावलेली होती. पुढे रशियाच्या झारसाठी फाबर्जे या जवाहिऱ्याच्या पेढीने १८८५ पासून सोन्याची व मिन्याची अंडी घडविली. परंतु तो राजवाड्याचा थाट झाला. प्रथेचे खरे आयुष्य गेले ते शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

ग्रीसमध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी अंडी लाल रंगात रंगवितात. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, आणि कठीण कवच बंद असलेल्या कबरीचे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ईस्टरला दोघांनी एकमेकांच्या अंड्यावर अंडे आपटावयाचे आणि ज्याचे फुटणार नाही तो भाग्यवान समजावयाचा, असा खेळही तेथे आहे. आर्मेनियात आणि बाल्टिक देशांत कांद्याच्या कोरड्या साली पाण्यात उकळून, त्या पाण्यात अंडी टाकून, तांबूस-तपकिरी रंग चढवितात. टाकून देण्याच्या वस्तूतून सणाचा रंग निघावा, ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरालाही समजण्यासारखी आहे.

आपल्याकडे तर अंड्याने निराळेच रूप घेतले. गोव्यातील घरांत आणि बेकऱ्यांत मर्झिपानची अंडी होतात. मूळ पाकृतीत बदाम असतो. येथे पुष्कळदा त्याची जागा काजूने घेतली. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, आणि त्याचा हंगाम ईस्टरच्याच सुमारास असतो. बाहेरून आलेली प्रथा येथल्या मातीतून काय उचलते, याचे हे गोड उदाहरण होय.

मेणाने लिहिलेले अंडे

या सर्व परंपरांमध्ये मुलांच्या वर्गाला सर्वांत उपयोगी पडेल अशी परंपरा युक्रेनची आहे. तेथील सजविलेल्या अंड्याला ‘पिसांका’ म्हणतात, आणि ते नाव ‘लिहिणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. अंडे तेथे रंगवीत नाहीत, लिहितात. लहानशा दांड्याला बसविलेल्या धातूच्या बारीक नळीतून वितळलेले मधमाश्यांचे मेण अंड्यावर रेषेरेषेने सोडावयाचे. मग अंडे पिवळ्या रंगात बुडवावयाचे. जेथे मेण आहे तेथे कवच पांढरे राहते. पुन्हा मेणाच्या रेषा, मग केशरी रंग, पुन्हा रेषा, मग लाल, शेवटी काळा. या टप्प्यावर अंडे काळेकुट्ट आणि मेणाने बरबटलेले दिसते. मग ते मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मेण पुसून घेतले की खालून सारी नक्षी उजळून बाहेर येते. बाटिकच्या कापडामागेही हेच तत्त्व आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या कलेचा समावेश केला. देश युद्धाच्या खाईत असताना तेथील लोक ही नाजूक कला जपून आहेत, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

गरम मेण मुलांच्या हाती देणे अर्थातच शक्य नाही. परंतु हेच तत्त्व कागदावर अगदी निर्धोकपणे वापरता येते. ते पुढे सांगतो.

ससा, घंटा आणि बिल्बी

अंडी आणणारा ससा हा जर्मन भाषिक प्रदेशातला. १६८२ साली गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लिहिलेल्या प्रबंधात त्याचा उल्लेख आहे. अठराव्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर हा ससा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला पोहोचला. तेथील मुले आपल्या टोप्यांचे घरटे करून अंगणात किंवा कोठारात ठेवीत आणि सकाळी त्यांत रंगीत अंडी शोधीत. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. अंडी मोठ्या माणसांनी रंगविली, परंतु घरटे मुलांनी केले. घरटे केले नाही तर अंडे मिळणार नाही. मुलाच्या वाट्याला आलेले हे काम खरे काम होते.

ससा अंडी घालतो का, असे एखादे चौकस मूल विचारील. त्याला सांगावे की ही गोष्ट आहे, आणि निरनिराळ्या देशांत ती निराळी आहे. फ्रान्समध्ये चर्चच्या घंटा उडत रोमला जातात आणि परतताना मुलांसाठी अंडी टाकतात, असे सांगतात. स्वित्झर्लंडच्या काही भागांत हे काम कोकिळेच्या जातीचा कुकू पक्षी करी. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीसाठी सोडलेल्या सशांनी पुढे शेतीचा व रानाचा एवढा विध्वंस केला की, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथे चॉकलेटच्या सशाऐवजी बिल्बी या तेथल्या दुर्मिळ, लांब कानांच्या प्राण्याला ईस्टरचा मान देण्याची चळवळ सुरू झाली.

तेव्हा ससा हाच काही नियम नव्हे. आपल्या मुलांना विचारावे : “आपल्या गावात अंडी कोण आणील?” कोणी खंड्या सांगेल, कोणी शेजारची कोंबडी, कोणी खारूताई, कोणी गोव्याचा राज्यपक्षी बुलबुल. प्रश्नाबरोबरच चित्राचा आरंभ झालेला असेल.

छापील चित्राची मर्यादा

आता रंगकामाविषयी. ईस्टरच्या रंगकामाचा सोपा मार्ग म्हणजे बाह्यरेषांचे एक छापील चित्र आणावयाचे, त्याच्या प्रती काढावयाच्या आणि मुलांना त्यांत रंग भरावयास सांगावयाचे. या मार्गाला मी सरसकट नावे ठेवीत नाही. रेषेच्या आत रंग भरताना बोटांना वळण लागते, लक्ष एकाग्र होते, आणि नव्याने वर्गात आलेल्या बुजऱ्या मुलाला काहीतरी पुरे केल्याचे समाधान मिळते. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेला ते सोयीचेही असते.

परंतु मूळ चित्र कोणी काढले? मोठ्या माणसाने. ससा कसा असतो, अंड्यावर पट्टे कोठे येतात, टोपली केवढी, हे सारे आधीच ठरून गेले. मुलाकडे उरला तो फक्त रंग, आणि तोही पुष्कळदा फळ्यावरच्या नमुन्याप्रमाणे. ऑस्ट्रियात जन्मलेले व पुढे अमेरिकेत कलाशिक्षणाचे अध्यापन करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा रंगपुस्तकांना विरोध केला. आयत्या आकृत्यांची सवय लागली की मूल स्वतःच्या रेषेवरचा विश्वास गमावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. “मला ससा काढता येत नाही, बाई, तुम्हीच काढून द्या,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. तीन वर्षांचे मूल असे कधी म्हणत नाही. सहा वर्षांचे म्हणू लागते. मधल्या तीन वर्षांत त्याला हे कोणी शिकविले, याचा विचार व्हावा.

यावर उपाय फार अवघड नाही. छापील चित्र द्यावयाचेच असेल तर अंड्याची नुसती बाह्यरेषा द्यावी, आत काहीही नसावे. आतली नक्षी मुलाची. आणि प्रत्येकाचे अंडे निराळे निघाले तर तेच आपले यश मानावे.

कागद, कात्री आणि खळ

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. यांतील एकाही कृतीला खरे अंडे लागत नाही. ज्या घरांत अंडे चालत नाही, त्या घरांतील मुलांनाही ती निःसंकोच करता येईल.

पहिली कृती अंडे कापण्याची. जाडसर कागद मधोमध दुमडावा. घडीच्या कडेला टेकून अर्धे अंडे काढावे, खाली फुगीर आणि वर निमुळते. घडी तशीच ठेवून फक्त रेषेवरून कापावे. घडीच्या बाजूला कात्री लावू नये; लावली तर दोन अर्धकी हाती येतात, आणि तेही एकदा होऊ द्यावे, कारण त्यातून मुलाला घडी म्हणजे काय ते समजते. कात्री बोथट टोकाची असावी. डावखुऱ्या मुलाला डाव्याच हाताने कापू द्यावे.

दुसरी कृती मेणाची. हाच आपला कागदी पिसांका. कार्डशीटच्या अंड्यावर पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने दाबून रेषा काढाव्यात. रेषा दिसत नाहीत, म्हणून मुले आधी गोंधळतात. मग पातळ पिवळा जलरंग फिरवावा. मेणावर पाणी ठरत नाही, आणि न दिसणारी नक्षी पांढरी होऊन वर येते. त्या क्षणी वर्गात उठणारा आनंदाचा गलका ऐकण्यासारखा असतो. कागद वाळल्यावर पुन्हा मेणाच्या रेषा काढून वरून लाल रंग द्यावा. आता पांढऱ्या आणि पिवळ्या अशा दोन नक्ष्या दिसतील. रंगपेटी नसेल तर हळदीचे पाणी चालते. हळदीच्या वाळलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने लावले तर तेथे केशरी-तांबूस रेघ उमटते. हळदीपासून कुंकू होते त्यामागेही हेच रहस्य आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि कपड्यांना डाग पडतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

तिसरी कृती कातरकामाची. पोलंडमध्ये ईस्टरपूर्वी घर सारवून-रंगवून झाले की भिंतींवर कागदाची नवी कातरनक्षी चिकटविण्याची रीत होती. तिला ‘वित्सिनान्की’ म्हणतात. शेतकरी स्त्रिया मेंढ्यांची लोकर कापण्याच्या बोजड कात्रीने ही नाजूक नक्षी कापीत. कोंबडे आणि फुले हे त्यांचे आवडते विषय. आपल्या मुलांनी घोटीव कागदाचे अंडे उभे दुमडून घडीच्या कडेला लहान लहान त्रिकोण व अर्धगोल कापावेत आणि घडी उलगडावी. काय निघेल हे मुलाला माहीत नसते, शिक्षिकेलाही नसते. हीच तर त्यातील गंमत. लहान मुलांसाठी भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे आहेतच.

चौथी कृती टोपलीची. सर्वत्र मिळणारा ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्यातून २१ सेंटिमीटरचा चौरस कापावा. उरलेली पट्टी जपून ठेवावी. चौरसाच्या प्रत्येक बाजूवर ७ सेंटिमीटरवर खुणा करून दोन्ही दिशांनी घड्या घातल्या की नऊ घरे पडतात. वरच्या व खालच्या कडेवरून, दोन्ही उभ्या घड्यांवर, एका घरापुरते कापावे; एकूण चार काप. चारही बाजू उभ्या करून कोपऱ्यांची घरे वरच्या व खालच्या भिंतींना खळीने चिकटवावीत. मघाची पट्टी लांबीने दुमडली की तिची मूठ होते. कागदाचा एक तुकडाही वाया जात नाही. आत नारळाचा काथ्या किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या बारीक कातरणी घातल्या की झाले घरटे. पेनसिल्व्हेनियाच्या मुलांचे काम आपल्या मुलांच्या हाती आले. मग कागदी अंडी अंगणात लपवावीत. सापडलेले अंडे मात्र स्वतःजवळ ठेवावयाचे नाही. ते कोणाला तरी द्यावयाचे. अंडे हे मुळात भेट देण्यासाठीच सजविले जात असे.

या साध्या घडीकामाला कोणी क्षुल्लक समजू नये. किंडरगार्टनचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी कागदाच्या घड्या, कातरकाम व पट्ट्यांचे विणकाम यांना बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. त्याच घडीच्या कागदांवरून स्फूर्ती घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याचा लौकिक पुढे युरोप-अमेरिकेपर्यंत गेला. आपल्या मराठीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून आणि कोसबाड येथे १९५७ पासून जे काम केले, त्यात पाने, बिया, शंख-शिंपले हीच मुलांची साधने होती. महागडे साहित्य नाही म्हणून हस्तकला अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले आहे. पहिल्या आठ वर्षांतील शिक्षण खेळातून व्हावे, असे २०२२ साली आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही सांगतो.

प्रदर्शन कोणाचे?

शेवटी माझ्या व्यवसायाशी निगडित एक गोष्ट सांगतो. समारंभांची वृत्ते आणि छायाचित्रे हे आमचे काम. एका शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनात भिंतीवर चाळीस ससे ओळीने लावले होते. सर्वांचे कान सारखे, मिशा सारख्या, कडा सुरेख कापलेल्या. छायाचित्र उत्तम आले असते. मी जवळच्या एका मुलाला विचारले, “यांतला तुझा कोणता?” त्याने ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि मान हलविली. त्याला आपला ससा ओळखता आला नाही.

दोष त्या शिक्षिकेचा नव्हता. पाहुणे येणार, पालक येणार, छायाचित्र निघणार, मग सारे नीटनेटके दिसावे म्हणून तिने कदाचित रात्री जागून ते कापले असतील. नीटनेटकेपणाची ही अपेक्षा तिच्यावर आपण सारे मिळून लादतो : पालक, पाहुणे, अधिकारी आणि छायाचित्रे मागणारे आम्ही. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, वाकड्या अंड्याला हसू नये. वरिष्ठांना विनंती आहे की, प्रदर्शनात सुबकपणाला गुण देऊ नयेत. आणि शिक्षिका भगिनींना विनंती आहे की, मुलाच्या हातातील कात्री शेवटच्या क्षणी आपल्या हाती घेऊ नये. कापलेल्या कडेवर मुलाच्या कात्रीचा दचका दिसला तर दिसू द्यावा. तीच त्याची सही.

येत्या ईस्टरला आपल्या वर्गाच्या भिंतीवर चाळीस निरनिराळी अंडी लागावीत आणि प्रत्येक मुलाने दुरूनच बोट दाखवून “ते माझे” असे म्हणावे, एवढीच माझी इच्छा आहे.